हीटर अडकला, पाणी तापले, प्रवाळ फिके पडले: घाई कुठे करायची आणि कुठे अजिबात नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सम्प (टँकखालची जोड टाकी, जिथे पंप आणि उपकरणे असतात) धरून सुमारे २०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी. ३०० वॅटचा हीटर रात्रभर बंदच झाला नाही आणि सकाळी पाणी ३१.५ अंश सेल्सिअसवर गेले. अ‍ॅक्रोपोरा हा फांद्यांचा कठीण प्रवाळ फिका पडला आहे, हॅमर आणि टॉर्च हे मांसल प्रवाळ मिटले आहेत, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत आहेत. हीटर बाहेर काढला आहे. आता निम्मे पाणी बदलावे का, प्रवाळांना आयोडिनचा डिप (औषधी पाण्यात थोडा वेळ बुडवणे) द्यावा का, आणि ते दुसऱ्या टाकीत हलवावेत का?

आजच्या दिवसापुरते तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. उपकरणाच्या अपघातात प्रवाळ दोनदा मार खातात, आधी उपकरणाचा आणि मग घाबरलेल्या मालकाचा. दुसरा मार बऱ्याचदा जास्त बसतो. पण म्हणून ‘सगळे हळूहळू करा’ हा सरसकट सल्लाही तितकाच चुकीचा. प्राणवायूची कमतरता, टोकाचे तापमान, एकदम चढलेला पीएच आणि पाण्यात मिसळलेले विष या चार गोष्टी त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात हाताळायच्या असतात. खारेपणा, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता), प्रकाश आणि नायट्रेट-फॉस्फेट यांना मात्र दिवस किंवा आठवडे द्यावे लागतात. अपघात कोणताही असो, आपण कोणत्या गटातली गोष्ट दुरुस्त करतोय हे आधी ठरवा.

पाण्यात हात घालण्यापूर्वी

हीटर काढला आहे असे लिहिले आहे. तो काढताना वीज बंद होती का? अडकलेल्या हीटरची काच कित्येकदा तडकलेली असते आणि खारे पाणी वीज उत्तम वाहून नेते. टँकच्या पूर्ण जोडणीचा मुख्य स्विच बंद करून, प्लग उपसून, मगच हात आत. जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच जोडणी तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या, कारण बाकी सारे प्रवाळांसाठी असले तरी हा तुमच्यासाठी आहे. तो पुन्हापुन्हा पडत असेल तर त्याला बायपास करू नका. एकेक उपकरण काढून पाहा, ज्याच्यामुळे पडतो तेच गळके. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता जमिनीवर ठिबकेल.

काढलेला हीटर नीट निरखा. काच तडकली असेल किंवा आत पाणी, गंज, जळल्याचे काळे डाग दिसत असतील तर धातू पाण्यात गेले असण्याची शक्यता धरून चाला. त्याबद्दल पुढे येईल.

पहिला तास: प्राणवायू, मग तापमान

मासे वर येऊन धापा टाकतात ते उष्णतेपेक्षा प्राणवायूसाठी. २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. फरक दिसायला लहान आहे, पण त्याच वेळी गरम पाण्यात मासे, प्रवाळ आणि जिवाणू या सगळ्यांचा श्वसनाचा वेग वाढलेला असतो. त्यातून रात्र, म्हणजे प्रकाशसंश्लेषणातून मिळणारी भरही नाही. म्हणून एक वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंप) पृष्ठभागाकडे वळवा, इतका की पाणी नुसते हलण्याऐवजी फुटताना दिसले पाहिजे. स्किमर (हवेच्या फेसाने घाण वेगळी करणारे यंत्र) पूर्ण हवेवर चालवा. एअर पंप असेल तर एअरस्टोन सम्पमध्ये सोडा. टँकचे झाकण काढा.

थंड करण्याचे गणित माहीत असले की हात थरथरत नाहीत. २०० लिटर खारे पाणी एक अंश उतरवायला साधारण ८२० किलोजूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ फ्रीजरमधून निघून टँकच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे ४८० किलोजूल शोषतो. म्हणजे एक लिटरची बर्फाची बाटली तुमच्या टँकला अर्ध्या अंशाहून किंचित जास्त उतरवेल. ३१.५ वरून २८.५ वर यायला अशा पाच बाटल्या पुरतात. बाटली घट्ट बंद हवी, बाहेरून साबण लागलेली नको, आणि एका वेळी एकच सम्पमध्ये तरंगवा. दोन ते तीन तासांत २८.५ गाठा आणि मग बर्फ थांबवा. पुढचे अडीच अंश दिवसभरात उतरू द्या. वरचा धोक्याचा पल्ला झटपट, खालचा सावकाश, असे दोन टप्पे ठेवायचे कारण साधे आहे: ३१ अंशांवरचा प्रत्येक तास नुकसान वाढवतो, २८ वरचा तास फारसे काही करत नाही. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) असेल तरी याच बेताने चालवा.

बर्फाहून पंखा जास्त कामाचा, हे बऱ्याच जणांना पटत नाही. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन व्हायला सुमारे २४०० किलोजूल लागतात, म्हणजे पाच बाटल्या बर्फाइतके काम! सम्पच्या पृष्ठभागावर तिरपा मारा करणारा छोटा पंखा एवढे सहज करतो. दमट हवेत त्याचा जोर ओसरतो हे मात्र खरे. आणि पंखा लावलात की बाष्पीभवन दुपटीने वाढते, एटीओची (उडालेल्या पाण्याची भर आपोआप घालणाऱ्या यंत्राची) टाकी नेहमीपेक्षा लवकर रिकामी होते आणि खारेपणा चढू लागतो. त्या टाकीवर दिवसातून दोनदा नजर ठेवा.

त्याच सकाळी दिवे कमी करा

ही पायरी लोक विसरतात. प्रवाळाच्या पेशींत राहणारे शैवाल उष्णतेने बिघडते तेव्हा त्याची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा येणारा प्रकाश हाताळू शकत नाही. न वापरलेल्या ऊर्जेतून पेशींना जाळणारे प्राणवायूचे आक्रमक रेणू तयार होतात, आणि प्रवाळ स्वतःला वाचवायला ते शैवाल बाहेर टाकतो. विरंजन म्हणतात ते हेच. म्हणजे उष्णता आणि प्रकाश मिळून मारतात. उष्णता तुम्ही काढलीत, पण बिघडलेली यंत्रणा लगेच सुधारत नाही. ती सुधारेपर्यंत पूर्वीचाच प्रकाश तिच्यासाठी जास्त असतो.

म्हणून तीव्रता आजच निम्म्यावर आणा. दिवे पूर्ण बंद करायची गरज नाही, एखादा दिवस अंधार चालतो पण आठवडाभर अंधार म्हणजे उपासमार. पार मीटर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश मोजणारे यंत्र) असेल तर फिक्या पडलेल्या अ‍ॅक्रोपोरावर १०० ते १५० पार पुरे, एरवी तिथे २५० ते ४०० ठेवत असाल तरी. प्रवाळ खाली हलवण्यापेक्षा दिवा मंद करणे बरे, कारण हलवताना चिमटीत टिशू (सांगाड्यावरचे जिवंत आवरण) फाटतो आणि प्रवाहही बदलतो. निदान एक आठवडा असेच ठेवा, आणि नंतरची वाढ आठवड्याला पाच ते दहा टक्क्यांहून जास्त नको. तीही रंग परतू लागला तरच करा, नुसते कॅलेंडर पाहून नको.

या दिवसांत फिल्टरमधला कार्बन (पाणी शुद्ध करणारा सक्रिय कोळसा) बदलताना सांभाळा. जुन्या पिवळसर पाण्यात एकदम ताजा कार्बन टाकला की पाणी काचेसारखे होते आणि निळा प्रकाश प्रवाळांवर जास्त पोचतो. दिव्याला हात न लावता तुम्ही तो वाढवलेला असतो.

मोजा, पण क्रमाने

तापमान उतरत असताना खारेपणा, पीएच, अल्कलिनिटी आणि अमोनिया मोजा. थर्मामीटरही दुसरा वापरून पडताळा. कंट्रोलरचा (तापमान पाहून हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा) प्रोब म्हणजे मापक तार खोटे सांगत असू शकते, आणि कित्येकदा अपघाताचे मूळ तिथेच असते. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजणारे यंत्र) ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने लावून घ्या. आरओ (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याने शून्यावर लावलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या आसपास एक-दोन अंकांनी चुकू शकतो.

अमोनिया आज शून्य आला म्हणून निर्धास्त होऊ नका. खडकांच्या फटीत मेलेली गोगलगाय किंवा कृमी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सडतात. तीन दिवस रोज मोजा. रीफच्या ८.१ ते ८.३ पीएचला अमोनियाचा विषारी वाटा गोड्या पाण्यापेक्षा बराच मोठा असतो, म्हणून चाचणीतला ०.२५ पीपीएमचा रंगही हलका धरायचा नाही. तसा रंग दिसला की पाणी बदलण्याची वेळ आली.

मग आत्ताच निम्मे पाणी का बदलायचे नाही? कारण उष्णतेने पाण्यात काही घातक मिसळलेले नाही. गरम पाणी थंड झाले की ते पूर्वीचेच पाणी आहे. निम्मे बदललेत तर घाईने कालवलेल्या मिठाची अल्कलिनिटी वेगळी, तापमान वेगळे, खारेपणा अर्ध्या अंकाने वेगळा, आणि प्रवाळाला एकाच दिवसात दुसरा धक्का. अमोनिया दिसला, प्रवाळांचा चिकट स्राव (स्लाइम) फार सुटला किंवा धातूचा संशय असला तरच बदला, तेही १५ ते २० टक्के. नवे पाणी तापमानात एक अंशाच्या आत आणि अल्कलिनिटीत एक डीकेएचच्या (तिचे एकक) आत जुळले पाहिजे. बहुतेक मिश्रणांना लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागते, आणि ते पंपाने फिरवून पूर्ण विरघळल्यावरच वापरायचे. टँकमध्ये कोरडे मीठ थेट टाकणे म्हणजे ज्याच्यावर कण पडेल तो प्रवाळ जाळणे.

डिपचेही तसेच. आयोडिन किंवा कीटकांसाठीचे डिप ही औषधे जखमेवर, ब्राउन जेलीवर (टिशू सडून तपकिरी चिकट होण्याच्या रोगावर), परजीवींवर. उष्णतेने थकलेल्या, टिशू शाबूत असलेल्या प्रवाळाला ती द्यायची म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला अंगाला तिखट चोळण्यासारखे. दुसऱ्या टाकीत हलवायचा विचार फक्त मूळ टाकी राहण्यायोग्य नसेल तेव्हा.

दोन-तीन दिवसांनी काय दिसते यावर पुढचे ठरते

फिके पडणे आणि टिशू गळणे यांत गल्लत करू नका. विरंजन झालेल्या प्रवाळावर पारदर्शक कातडी शाबूत असते, बारीक पॉलिप (वसाहतीतले एकेक जीव) दिसतात, पृष्ठभाग ओला चकचकीत असतो. तो जिवंत आहे, फक्त भुकेला आहे. टिशू गळलेल्या जागी सांगाडा उघडा, खडूसारखा कोरडा पांढरा दिसतो आणि चार-आठ दिवसांत त्यावर हिरवट शैवाल धरते. रोज एकाच वेळी, दिव्याच्या त्याच सेटिंगवर, शक्यतो पांढऱ्या प्रकाशात फोटो काढा. निळ्या प्रकाशात सगळेच निरोगी दिसते.

नुसते विरंजन असेल तर संयम आणि अन्न. हॅमर-टॉर्चसारखे मोठ्या तोंडाचे प्रवाळ उघडू लागले की आठवड्यातून दोनदा मांसल अन्नाचा बारीक तुकडा द्या. मिटलेल्या पॉलिपवर अन्न कोंबू नका, ते तिथेच सडते. शैवालाला पुन्हा वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, त्यामुळे नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम राहू द्या. ‘पाणी स्वच्छ करू’ म्हणून याच आठवड्यात फॉस्फेट शोषणारे माध्यम भरणे ही वाईट वेळ.

टिशू गळत असेल तर वेग पाहा. दिवसाला मिलिमीटरभर सरकणारी कडा असेल तर थांबून पाहता येते. तासागणिक सोलवटत असेल तर त्या वसाहतीला वाचवायचा एकच मार्ग आहे: निरोगी टोके कापून वेगळी करणे. हाडे कापायच्या कात्रीने कडेपासून किमान एक सेंटिमीटर जिवंत भागात कापा, जेल स्वरूपातल्या सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने प्लगवर (प्रवाळ चिकटवायच्या छोट्या चकतीवर) चिकटवा आणि मध्यम प्रवाहात, कमी प्रकाशात ठेवा. उरलेली सडती वसाहत बाहेर काढा. हॅमर किंवा टॉर्चच्या एखाद्या डोक्यावर तपकिरी, दुर्गंधी जेली दिसली तर आधी पंप थांबवा, नळीने ती शोषून बाहेर टाका, मग बाधित फांदी कापा. पंप चालू ठेवून जेली हलवलीत की ती शेजारच्या डोक्यांवर जाऊन बसते. आयोडिनच्या डिपची जागा इथे आहे, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत आणि वेळेत.

झोआंथिड किंवा पॅलिथोआ (बटणांसारखे दिसणारे मऊ पॉलिप) असलेला दगड या भानगडीत बाहेर काढावा लागला तर हातमोजे आणि चष्मा घाला. या कुळात पॅलिटॉक्सिन आढळते, आणि ते ज्ञात विषांपैकी अतिजहाल विषांत गणले जाते. असा दगड उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, कोरडा घासू नका. वाफ आणि उडालेले कण घरभर माणसांना आजारी पाडतात.

आता सर्वांत फसवी गोष्ट. थकलेला प्रवाळ सांगाडा बांधत नाही, म्हणजे अल्कलिनिटी आणि कॅल्शियम वापरत नाही. ही द्रव्ये टँकमध्ये सोडणारा तुमचा डोसिंग पंप मात्र मागच्या महिन्याच्या हिशेबाने ओततच राहतो. चार-पाच दिवसांत ८ डीकेएचचे ११ होतात आणि ‘सावरत आलेला’ अ‍ॅक्रोपोरा टोकांकडून जळू लागतो. दोष उष्णतेला दिला जातो. म्हणून अपघाताच्या दिवशीच डोस निम्मा करा, अल्कलिनिटी रोज मोजा आणि वापर वाढेल तसा डोस वाढवा. खरे तर हा वापर म्हणजेच प्रवाळ सुधारत असल्याची सर्वांत भरवशाची खूण आहे, रंगाच्याही आधी दिसणारी.

किती आशा ठेवावी? समुद्रावरच्या विरंजनाचा अंदाज घेताना अमेरिकेची नोआ ही संस्था तापमान आणि कालावधी यांचा गुणाकार पाहते: एखाद्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा निदान एक अंश जास्त तापमान किती आठवडे टिकले. असे ४ अंश-आठवडे साचले की ठळक विरंजन, ८ झाले की सर्वदूर विरंजन आणि उष्णतेला नाजूक प्रवाळांचे मरण अपेक्षित धरतात. बंद टाकीला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण इथे चढ एका रात्रीचा असतो आणि प्राणवायूचीही भर पडते. पण कालावधी महत्त्वाचा हा धडा लागू होतोच. एका रात्रीचा ३१.५ बहुतेक मऊ प्रवाळ आणि हॅमर-टॉर्च सोसतात. अ‍ॅक्रोपोराचे सांगता येत नाही.

इतर अपघात, ज्यांचे नियम वेगळे आहेत

एटीओचा फ्लोट (पातळी ओळखणारा तरंगता स्विच) अडकून आरओ पाणी ओतले गेले, तर पहिला प्रश्न हा: जमिनीवर पाणी सांडले का? नसेल सांडले तर मीठ सगळे आतच आहे. २०० लिटरमध्ये २० लिटर जादा गेले की ३५ पीपीटीचे ३१.८ होतात, पण एटीओ बंद ठेवून बाष्पीभवन होऊ दिले की टँक आपोआप ३५ वर परत येतो. इथे लोक सम्प भरलेला पाहून जादा पाणी उपसून गटारात टाकतात, आणि नेमके तेव्हा मीठ गमावतात. वीज गेल्यावर सम्प ओसंडेल अशी भीती असेल तर उपसा, पण बादलीत जपून ठेवा आणि तेच पाणी बाष्पीभवनाची भर म्हणून पुढचे काही दिवस वापरा. सांडले असेल तर गेलेले मीठ परत द्यावे लागते. वरच्या उदाहरणात लिटरमागे ३.३ ग्रॅम, म्हणजे सगळे मिळून ६६० ग्रॅमच्या आसपास. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आरओऐवजी ३५ पीपीटीच्या खाऱ्या पाण्याने रोजची भर घालणे. दिवसाला ४ लिटर उडत असेल तर १४० ग्रॅम मीठ टँकमध्ये परत जाते आणि खारेपणा रोज ०.७ ने चढतो. पाच दिवसांत काम होते आणि दिवसाला एक पीपीटीची मर्यादाही पाळली जाते.

स्किमर वेडा होऊन ओसंडणे हा याचाच मागच्या दाराने होणारा प्रकार. दगड चिकटवायची एपॉक्सी टँकमध्ये वापरली की तासाभरात स्किमर फेसाळतो, खारे पाणी कपातून बाहेर जाते, एटीओ इमानेइतबारे गोडे पाणी भरतो, आणि सकाळी खारेपणा ३० वर. एपॉक्सी लावायच्या दिवशी स्किमरचा कप काढून ठेवा आणि फक्त त्याची हवा चालू राहू द्या.

डोसिंगचा अपघात दोन प्रकारचा. अल्कलिनिटीसाठी सोडियम बायकार्बोनेट वापरत असाल तर पीएच फारसा हलत नाही, सोडियम कार्बोनेट असेल तर तो झपाट्याने चढतो. १०० लिटरला १ डीकेएच चढवायला बायकार्बोनेट ३ ग्रॅम लागते, कार्बोनेट १.९ ग्रॅम. डब्यातून किती कमी झाले ते पाहा, म्हणजे चाचणीआधीच अंदाज येतो. पाणी दुधासारखे पांढरे झाले तर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसत आहे. दिसायला भयंकर, पण त्यात अल्कलिनिटीही खाली येत असते. प्रत्येक डीकेएचमागे सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम जाते. ते भरून काढायला लगेच कॅल्शियम ओतू नका, बर्फवृष्टी पुन्हा सुरू होईल. अल्कलिनिटी १३ वर गेली आणि तुम्ही ८ डीकेएचच्या पाण्याने २० टक्के बदललेत तर ती १२ होते, एवढेच. बाकी टँकला वापरू द्या. आम्ल घालून उतरवायच्या फंदात पडू नका.

एटीओच्या पाण्यात चुना विरघळवून कॅल्शियम देत असाल तर त्या चुन्याच्या पाण्याचे मात्र वेगळे, तिथे घाई हवी. लिटरला सुमारे १.७ ग्रॅम चुना विरघळलेल्या संपृक्त पाण्याचा पीएच १२.४ असतो, आणि एटीओतून ते लिटरांनी गेले तर टँकचा पीएच ९ कडे धावतो. पीएच ८.६ च्या वर असेल तर पाच टक्के आम्लतेचा साधा पांढरा व्हिनेगर दर ४ लिटर पाण्यामागे १ मिलिलिटर घेतला की पीएच सुरुवातीला सुमारे ०.३ उतरतो. सम्पमध्ये जोरदार प्रवाहात थेंबाथेंबाने सोडा, अर्धा तास थांबा, पुन्हा मोजा. व्हिनेगर जिवाणूंचे खाद्य आहे, ते प्राणवायू ओढतात, म्हणून स्किमर आणि पृष्ठभागाचा प्रवाह दोन दिवस पूर्ण जोरात. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या कॅल्शियम रिअ‍ॅक्टरचा सोलेनॉइड (वायू सोडणारी विजेची झडप) उघडा राहून पीएच ७.७ वर आला तर उपाय फक्त सिलिंडर बंद करणे आणि हवा खेळवणे. पीएच वाढवणारी पूड टाकू नका, अल्कलिनिटीचा नवा अपघात होईल.

डोसिंगच्या नळीचे टोक पाण्यात बुडलेले आणि डबा टँकहून उंच असेल तर पंप बंद असतानाही सायफनने डबा रिकामा होऊ शकतो. टोक पाण्याच्या वर, डबा खाली.

वीज गेली तर क्रम उघड आहे: प्राणवायू, प्रवाह, तापमान, आणि दिवे सर्वांत शेवटी. बॅटरीवरचा एअर पंप किंवा कमी वेगातला एक डीसी वेव्हमेकर पुरतो. काहीच नसेल तर भांड्याने पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओता, दर पंधरा-वीस मिनिटांनी. खायला घालू नका. कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्यातला फिल्टर) काही तास बंद राहिला असेल तर आतल्या पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो आणि सडक्या अंड्याचा वास येऊ शकतो. वीज आल्यावर तो तसाच सुरू न करता पाणी ओतून, माध्यम टँकच्या पाण्यात खळबळून मगच जोडा.

अ‍ॅनिमोन हा फुलासारखा दिसणारा मऊ प्राणी वेव्हमेकरमध्ये ओढला जाणे हा दिसायला सर्वांत घाण अपघात. वीज बंद, दिसतील तेवढे तुकडे जाळीने आणि नळीने बाहेर, २५ ते ३० टक्के पाणी बदल, आणि १०० लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास धुतलेला ताजा कार्बन. इथे पाणी खरोखर दूषित झाले आहे, म्हणून उष्णतेच्या वेळी टाळलेला मोठा बदल इथे योग्य. अ‍ॅनिमोन जागा बदलत फिरू लागला की वेव्हमेकरवर जाड फोमचे आवरण चढवायचे, तो स्थिरावेपर्यंत.

धातूची शंका केव्हा घ्यायची? माशांना काही झालेले नाही पण गोगलगाई काचेवरून गळून पडल्या, कोळंबी सुस्त झाली, आणि प्रवाळ मिटून राहिले, तर जुन्या पंपाच्या रोटरचे चुंबक काढून पाहा. त्यावरचे आवरण फुगून तडकले की आतला धातू गंजून पाण्यात जातो. हाताला तांबूस गंज लागला की पंप थेट कचऱ्यात. धातू शोषणारी रेझिन किंवा पॉलीफिल्टर हा शोषक पॅड लावा. पॉलीफिल्टर तांब्याने निळसर आणि लोहाने गंजरंगी होतो, म्हणजे काय सापडले तेही कळते. सोबत दोन-तीन दिवसांच्या अंतराने २० टक्क्यांचे बदल.

हीटर परत लावताना

२०० लिटरला ३०० वॅट हे मुळातच जास्त होते. उष्णता बाहेर गेली नाही असे धरले तर असा हीटर तासाला सव्वा अंशाहून जास्त चढवतो. त्याऐवजी १०० वॅटचे दोन घ्या. एक चालू अवस्थेत अडकला तरी खोलीला जाणाऱ्या उष्णतेमुळे टँक सावकाश चढतो, आणि एक बंद पडला तरी दुसरा तग धरतो. हीटर नेहमी बाहेरच्या कंट्रोलरमधून चालवा: कंट्रोलर २६ वर, हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७ वर. स्वस्त हीटरमधला द्विधातू संपर्क (तापल्यावर वाकून वीज तोडणारी पट्टी) वारंवार ठिणगी उडून चिकटतो, आणि कंट्रोलरचा रिलेही (आतला विजेचा स्विच) तसाच चिकटू शकतो, पण दोन्ही एकाच रात्री चिकटणे विरळा. कंट्रोलरचा प्रोब काचेला चिकटवणारा सक्शन कप निघून पाण्याबाहेर लोंबकळणार नाही असा बांधा. हवेत लटकलेला प्रोब थंड खोलीचे तापमान वाचतो आणि पाणी उकळत ठेवतो. २८ अंशांना वाजणारा वेगळा अलार्म, वेगळ्या प्रोबसह, असू द्या.

नवा हीटर आणला की आधी एक दिवस पाण्याच्या बादलीत, छोट्या पंपासह चालवा. नेमलेल्या तापमानाला तो बंद होतो का आणि पुन्हा चालू होतो का हे दोन-चार वेळा पाहा, आणि वीज बंद करून काचेला तडा नाही ना ते तपासा. टँकमध्ये तो आडवा, सम्पच्या अशा कप्प्यात बसवा जिथे रिटर्न पंप (सम्पमधून पाणी टँकमध्ये परत पाठवणारा) थांबल्यावरही पाण्याची पातळी त्याच्या खाली जात नाही. पंप बंद करा, दहा मिनिटे थांबा आणि हीटर पूर्ण बुडालेला आहे का बघा. त्याच वेळी सम्प किती भरतो तेही दिसेल. त्या पातळीवर मार्करने रेघ ओढून ठेवा.